बालसंधिवात आणि पाण्यातले व्यायाम

वयाची 16 वर्षे पूर्ण होण्याआधी एक किंवा अनेक सांधे सुजतात, सूज किमान सहा आठवडे टिकते आणि तपासण्या करूनही जंतुसंसर्ग, मार, रक्ताचा विकार असे दुसरे कारण हाती लागत नाही, तेव्हा त्या आजाराला ‘ज्युव्हेनाइल इडिओपॅथिक आर्थ्रायटिस’ म्हणतात. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर तो ‘जेआयए’ या तीन अक्षरांत आटोपतो. मराठीत बालसंधिवात हा शब्द सोयीचा आहे, मात्र तो एका रोगाचे नाव नसून रोगांच्या कुटुंबाचे आहे. 2001 साली कॅनडातल्या एडमंटन येथे सुधारून घेतलेल्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात त्याचे सात प्रकार आहेत. पहिल्या सहा महिन्यांत चार किंवा कमी सांधे धरले तर एक प्रकार, पाच किंवा जास्त धरले तर रक्तातल्या ऱ्हुमॅटॉइड घटकानुसार आणखी दोन. ताप, अंगावर येणारे-जाणारे पुरळ आणि सांधे एकत्र आले तर तो सार्वदेहिक प्रकार. स्नायूबंध हाडाला जिथे चिकटतात तिथली सूज प्रामुख्याने असली, तर त्याचाही वेगळा गट आहे. भारतात हा शेवटचा प्रकार बराच आढळतो, विशेषतः शाळकरी वयाच्या मुलग्यांत. टाच दुखते, गुडघा सुजतो, पुढे कंबर धरते आणि घरचे लोक ‘खेळताना लागले असेल’ म्हणून महिनोन्महिने तेल चोळत राहतात.

पाण्यातल्या व्यायामाचा विचार करण्याआधी सांध्यात काय घडते ते पाहावे लागते. सांध्याच्या आतले पातळ अस्तर दाहामुळे जाड होते, त्यातून जास्तीचा द्रव पाझरतो आणि सांधा आतून ताणला जातो. गुडघा किंचित वाकवून ठेवला की हा ताण सर्वांत कमी वाटतो, म्हणून मूल तो वाकवूनच ठेवते. रात्रभर तसेच झोपते, सकाळी उठल्यावर तासभर आखडलेले असते, लंगडत चालते आणि दुपारपर्यंत बऱ्यापैकी मोकळे होते. शाळेत सकाळी चालता न येणारी मुलगी मधल्या सुटीत पळताना दिसली की शिक्षकांना ती सोंग करते असे वाटते. आजाराचा स्वभावच असा आहे हे त्यांना कुणी सांगितलेले नसते.

वाकलेला गुडघा आठवडेच्या आठवडे तसाच राहिला की मागचे स्नायू आखूड होतात आणि मांडीच्या पुढचा, गुडघा सरळ करणारा स्नायू झपाट्याने झडतो. हा स्नायू कमजोर झाला की गुडघ्याला आधार राहत नाही, आधार नसल्याने दुखते, दुखते म्हणून मूल तो कमी वापरते. लहान वयात याला आणखी एक फाटा फुटतो. दाहामुळे सांध्याजवळचा रक्तपुरवठा वाढतो, हाडाच्या वाढीच्या टोकाला चेतना मिळते आणि सुजलेल्या गुडघ्याचा पाय दुसऱ्यापेक्षा लांब होतो. मग उंची जुळवायला मूल तो पाय आणखी वाकवून चालते. औषधाने दाह आटोक्यात आला तरी झडलेला स्नायू आणि आखडलेला सांधा आपोआप पूर्ववत होत नाहीत, ते काम व्यायामाचे.

ही गोष्ट वैद्यकाला उशिरा पटली. लंडनच्या जॉर्ज फ्रेडरिक स्टिल यांनी मुलांच्या दीर्घकालीन सांध्यांच्या आजाराचे वर्णन 1897 मध्ये प्रसिद्ध केले. पुढे कित्येक दशके मात्र सुजलेल्या सांध्यावर विश्रांती आणि बांधून ठेवलेली खपाची पट्टी हाच मुख्य उपाय मानला जाई. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमधल्या टॅप्लो इथे मुलांच्या संधिवातासाठी स्वतंत्र विभाग उभा राहिला. एरिक बायवॉटर्स आणि बार्बरा अँसेल यांच्या तिथल्या कामातून मुलांना अंथरुणातून उठवून हालते ठेवण्याचा आग्रह रुजत गेला. त्यानंतर औषधांनी मोठी मजल मारली. मुलांमध्ये मेथोट्रेक्सेट उपयोगी पडते हे 1992 मध्ये दिसले आणि 2000 च्या सुमारास जैविक औषधे आली. आज बहुतेक मुलांचा दाह ताब्यात ठेवता येतो. त्यामुळे व्यायामाचा प्रश्नही बदलला आहे. पूर्वी वाकडेपण टाळणे एवढेच उद्दिष्ट होते. आता वर्गातल्या इतरांबरोबर धावता, जिने चढता, सायकल मारता आली पाहिजे, अशी अपेक्षा ठेवता येते.

पाण्यात उतरलेल्या शरीरावर काय परिणाम होतो, हे शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात आर्किमिडीजच्या तत्त्वापाशी सांगितलेले असते. शरीर जेवढे पाणी बाजूला सारते, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतके प्लावक बल त्याला वर उचलते. प्रौढांवर झालेल्या मोजमापांनुसार कमरेपर्यंतच्या पाण्यात उभे राहिले की पायांवरचा भार निम्म्याच्या आसपास येतो. छातीपर्यंत एकतृतीयांशाच्या जवळ आणि गळ्यापर्यंत जेमतेम दहावा हिस्सा उरतो. मुलांच्या अंगाची ठेवण वेगळी असल्याने हे आकडे थोडे इकडेतिकडे होतात, पण अंदाजाला पुरतात. 30 किलो वजनाची मुलगी छातीभर पाण्यात उभी असते तेव्हा तिच्या दोन्ही पायांना मिळून सुमारे 10 किलोच पेलायचे असतात. जमिनीवर ज्या गुडघ्यावर एका पायाने उभे राहणे तिला अशक्य, त्यावर ती पाण्यात उभी राहते. तिथे भरभर चालले की भार पुन्हा वाढतो. म्हणून सुरुवात खोल पाण्यात आणि सावकाश करतात, पुढे हळूहळू उथळ भागाकडे सरकतात.

दुसरा गुण रोधाचा. पाण्यातून हात किंवा पाय नेताना होणारा विरोध वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो, म्हणजे वेग दुप्पट केला की रोध साधारण चौपट. डंबेल उचलताना हात दुखला तरी डंबेलचे वजन कमी होत नाही. पाण्यात मात्र दुखायला लागताच मुलाने वेग कमी केला की रोधही त्याच क्षणी उतरतो. व्यायामाची मात्रा जणू दुखणाऱ्याच्याच हाती असते आणि घाबरलेल्या मुलाच्या दृष्टीने याला फार मोल आहे. तिसरा गुण दाबाचा. मीटरभर खोलीवर पाण्याचा दाब पाऱ्याच्या सुमारे 74 मिलिमीटरांइतका असतो. घोट्याभोवती उतरलेली सूज हलकी व्हायला तो मदत करतो, पण छातीवरही तोच दाब पडतो. म्हणून हृदयाच्या किंवा फुप्फुसाच्या आवरणाला सूज असलेल्या मुलाला गळाभर पाण्यात उतरवत नाहीत.

राहिली ऊब. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेते, त्यामुळे तापमानातला दोन-चार अंशांचा फरकही अंगाला लगेच जाणवतो. उपचारासाठी बांधलेल्या तलावात पाणी साधारण 33 ते 36 अंश सेल्सिअस ठेवतात. स्पर्धेच्या तलावात ते 25 ते 28 अंश असते. त्या पाण्यात जोरात पोहणारा तापत नाही. पण सावकाश पाय हलवणारे, अंगावर चरबी नसलेले दहा वर्षांचे मूल पंधरा मिनिटांत कुडकुडू लागते, ओठ निळे पडतात आणि स्नायू सैल होण्याऐवजी आवळतात. जगभर सांधेदुखीच्या गटवर्गांसाठी 28 ते 32 अंशांच्या आसपासचे पाणी चालवून घेतात, मात्र तिथे हालचाल सलग ठेवावी लागते.

पाण्यातले व्यायाम म्हणजे पोहणे नव्हे. पोहता न येणारे मूलही ते करू शकते. अर्ध्या ते पाऊण तासाच्या सत्राची सुरुवात छातीभर पाण्यात चालण्याने होते: पुढे, मागे, मग आडवे. मागे चालताना नितंबाचे आणि गुडघा सरळ करणारे स्नायू जास्त कामाला लागतात, शिवाय मुलांना ते गमतीचे वाटते. त्यानंतर आखडलेल्या सांध्यांकडे वळायचे.

फिजिओथेरपिस्टचे कसब इथे दिसते. एकच फोमचा कडा घोट्याला अडकवला की त्याचा उपयोग शरीराच्या ठेवणीप्रमाणे पालटतो. मूल पाण्याखालच्या पायरीवर बसले असेल तर तरंगू पाहणारा कडा पाऊल वर उचलतो आणि गुडघा जवळजवळ स्वतःहून सरळ होतो. मांडीचा स्नायू पार झडलेल्या मुलाला सुरुवातीला याचीच गरज असते. तोच कडा घालून, कठडा धरून मूल उभे राहिले की पाऊल मागच्या बाजूने वर येऊ पाहते आणि गुडघा वाकतो. आता ते खाली दाबून सरळ करायचे म्हणजे मांडीच्या पुढच्या स्नायूला चांगलीच मेहनत पडते. मदत करणारी वस्तू दोन आठवड्यांनी विरोध करणारी होते, खर्च एका कड्याचा.

मनगट आणि बोटांसाठी पाण्याखाली स्पंज पिळणे, चेंडू दाबून तळाशी नेणे, तळहात उभा-आडवा करून पाणी ढकलणे असे प्रकार असतात. बोटांमधली फट वाढवली की रोध कमी होतो, बोटे जुळवली की वाढतो. लहान मुलांना यातले काहीही ‘व्यायाम’ म्हणून सांगून चालत नाही. तळाशी टाकलेल्या रंगीत रिंगा पायाच्या बोटांनी उचलून आणायला सांगितल्या की घोटा, गुडघा आणि तोल या तिन्हींचे काम होऊन जाते. शेवटची दहा मिनिटे दम वाढवणारी असावीत, पाण्यात जागच्या जागी धावणे किंवा चेंडूचा खेळ. या मुलांची धावण्याची क्षमता बरोबरीच्या मुलांपेक्षा कमी असते. त्यात रोगाइतकाच वाटा ‘तू बस, तुला दुखेल’ या वाक्याचाही असतो.

पोहायला शिकायचे असेल तर उताणे पोहणे बहुतेकांना मानवते. मुक्तशैलीत पाय कंबरेपासून हलतात, गुडघ्यावर पीळ येत नाही. खांदा किंवा मान धरली असेल तर मात्र ती अवघड जाते. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये बेडकासारखी लाथ मारताना गुडघा आणि खुबा बाजूने ओढला जातो, म्हणून ते सांधे सुजलेले असताना ती टाळतात. किकबोर्ड हाताच्या मुठीत धरल्याने मनगटावर भार येतो. तोच कोपरापुढच्या भागाखाली घेतला की प्रश्न मिटतो, पण कोचला हे सांगावे लागते. मानेचे मणके धरले असतील तर सूर मारणे पूर्ण बंद.

पाण्यातल्या उपचाराची एक वेगळी परंपरा लंडनच्या हॅलिविक शाळेपासून निघाली. द्रवयांत्रिकीचे अभियंता जेम्स मॅकमिलन यांनी 1949 मध्ये तिथल्या अपंग मुलींना पोहायला शिकवताना दहा टप्प्यांची पद्धत बसवली. पाण्याशी मनाने जुळवून घेणे, श्वास सोडणे, अंगाला मिळणारी गिरकी ताब्यात ठेवणे आणि मग स्वतंत्र पोहणे असा तिचा क्रम आहे. त्यात तरंगण्याची साधने वापरत नाहीत, प्रत्येक मुलामागे एक शिक्षक असतो. मराठी मुलखात भोपळा किंवा पांगऱ्याचा बिंडा पाठीला बांधून विहिरीत ढकलण्याची जी रीत होती, तिच्या हे नेमके उलट आहे. दुखऱ्या सांध्यांच्या मुलाला दचकवून शिकवण्यात काहीच मिळवायचे नसते. दचकले की ते सगळे अंग आवळून घेते.

या व्यायामांचा उपयोग किती, यावर झालेले संशोधन उत्साहाला थोडा आवर घालणारे आहे. नेदरलँड्समध्ये टाकेन आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये 5 ते 13 वर्षांच्या 54 मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. निम्म्यांना आठवड्यातून एकदा, तासभराची वीस सत्रे दिली होती. क्षमता, सांधे, रोजचे जगणे या सगळ्यांत थोडी सुधारणा दिसली, पण संख्याशास्त्राच्या कसोटीवर ती उतरली नाही. रोग मात्र बळावला नाही. ब्रिटनमध्ये 2005 साली प्रसिद्ध झालेल्या, तीन केंद्रांतल्या चाचणीत 4 ते 19 वर्षांचे 78 रुग्ण होते. एका गटाला जमिनीवरची फिजिओथेरपी, दुसऱ्याला तीच फिजिओथेरपी आणि तलावातले उपचार अशी विभागणी होती. सुधारणा दोन्ही गटांत झाली. तलावामुळे त्यात ठळक भर पडली नाही आणि खर्चातही लक्षणीय फरक दिसला नाही. 2008 च्या कोक्रेन समीक्षेत तीन चाचण्यांतली 212 मुले एकत्र धरली, तेव्हाही ठोस फायदा सिद्ध झाला नाही, अपायही आढळला नाही.

यावरून ‘पाण्याचा उपयोग नाही’ असा निष्कर्ष काढणे उतावीळपणाचे ठरेल. चाचण्या लहान होत्या, आठवड्यातून एक सत्र ही मात्राही तोकडीच, आणि तुलना व्यायाम न करणाऱ्यांशी नव्हे तर कित्येकदा चांगल्या फिजिओथेरपीशी होती. सांध्याला पाणी लागते असे नाही, हालचाल लागते. जमिनीवर ती हालचाल निमूटपणे करणाऱ्या मुलाला तलावासाठी शहराच्या दुसऱ्या टोकाला नेण्याची गरज नाही. जमिनीवर रडते, टाळते, घरी दिलेला व्यायामाचा कागद तिसऱ्या दिवशी हरवते आणि पाण्यात मात्र बाहेर यायला तयार होत नाही, अशा मुलासाठी मोजमापांच्या तक्त्यांत न दिसणारा फायदा खराच असतो. तलाव निवडायचा तो या कसोटीवर.

महाराष्ट्रात उपचारासाठी बांधलेले गरम पाण्याचे तलाव मोठ्या शहरांतल्या काही रुग्णालयांत आणि पुनर्वसन केंद्रांत आहेत. बाकीच्यांना महापालिकेचा टँक किंवा सोसायटीचा, शाळेचा तलाव. तोही चालतो, काही गोष्टी पाहून घेतल्या तर. पाणी तापवायची सोय नसेल तर पुणे-नाशिककडच्या थंडीत सकाळची बॅच नको. मार्च ते जून आणि दुपारनंतरची वेळ बरी. उभ्या लोखंडी शिडीपेक्षा कठडा असलेल्या रुंद पायऱ्या हव्यात, कारण सुजलेल्या बोटांनी शिडी घट्ट धरता येत नाही. तळ आणि काठ निसरडा असेल तर रबरी तळव्याचे पाण्यातले बूट घालावेत. मुक्त क्लोरीन दर लिटरला 1 ते 3 मिलिग्रॅम आणि सामू 7.2 ते 7.8 ठेवला जातो का, हे विचारायला संकोच नको. ऊब जास्त असली की क्लोरीन लवकर खर्ची पडतो आणि रोगप्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्या मुलाला अस्वच्छ पाणी अधिक बाधू शकते.

गरम झऱ्यांचा विषय याच ओघात निघतो. तानसेकाठची वज्रेश्वरी-गणेशपुरीची कुंडे, रत्नागिरी जिल्ह्यातले उन्हवरे, जळगावकडचे उनपदेव इथे सांधेदुखीसाठी नेम धरून जाणारी घरे आजही आहेत. उबेने तात्पुरते मोकळे वाटते हे खरे. पण कुंडातल्या पाण्याचे तापमान कुणाच्या ताब्यात नसते, पाणी निर्जंतुक केलेले नसते आणि तिथे बसून राहायचे असते, हलायचे नसते. औषध थांबवून कुंडाला जाणे तर सरळसरळ घातक, कारण औषधाविना गेलेल्या काळात सांध्याचे झालेले नुकसान पुढे भरून येत नाही.

ताप, जुलाब, उघडी जखम, कानातून पू असे काही असेल तर पाण्यात उतरायचे नाही. सार्वदेहिक प्रकारात ताप आणि पुरळ चालू असेतो थांबायचे. सांध्यात इंजेक्शन दिल्यावर किती थांबायचे ते डॉक्टरांना विचारायचे, बहुधा एक-दोन दिवस. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा घेतात आणि दुसऱ्या दिवशी पुष्कळ मुलांना मळमळते, त्यामुळे टँकचा वार त्याला लागून ठेवू नये. डोळ्यांकडे विशेष लक्ष हवे. बालसंधिवाताच्या काही प्रकारांत डोळ्याच्या आत युव्हिआयटिस नावाचा दाह होतो. तो पुष्कळदा न दुखता, न लाल होता दृष्टी पोखरतो, म्हणून ठरलेल्या वेळी स्लिट लँपची तपासणी चुकवू नये. उलट लाल होऊन दुखणारा डोळा ‘क्लोरीनमुळे असेल’ म्हणून दोन दिवस सोडून देण्यातही धोका आहे. गॉगल घातला असूनही लाली आली तर डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवावे.

व्यायाम जास्त झाला की नाही, हे ओळखायला फिजिओथेरपिस्ट एक साधी खूण सांगतात. पाण्याबाहेर आल्यावर दोन तासांनी दुखणे आधीपेक्षा वाढलेले असेल, तर पुढच्या वेळी वेग किंवा वेळ कमी करायची. स्नायू थकल्याची चुरचुर वेगळी. सांधा गरम होणे, फुगणे किंवा दुसऱ्या सकाळी आखडलेपण लांबणे हे वेगळे. टँकवरून आल्यावर कोमट पाण्याने अंघोळ, लगेच कोरडे कपडे आणि काहीतरी खायला, एवढे पथ्य पुरते. पाण्यात घाम दिसत नाही, म्हणून प्यायचे पाणी विसरले जाते.

वयात येणाऱ्या मुलामुलींची अडचण सांध्यांपेक्षा कपड्यांची असते. स्टिरॉइडने चेहरा गोल झालेला, पाय एकमेकांपेक्षा लांब-आखूड, अंगावर ताणाच्या खुणा. अशा अवस्थेत पोहण्याच्या पोशाखात बरोबरीच्यांसमोर उभे राहणे चौदाव्या वर्षी सोपे नाही. पूर्ण बाह्यांचा आणि गुडघ्याखालपर्यंतचा पोशाख बहुतेक तलावांवर चालतो, बाहेरच्या तलावात उन्हापासून रक्षणही करतो. लहान, सारख्याच दुखण्याच्या चार-पाच मुलांची बॅच जमली तर गळती कमी होते. मुलींच्या पाळीच्या दिवसांत सत्र बुडाले तर ते घरच्या व्यायामाने भरून काढता येते.

पाणी जे देते, त्यातच त्याची मर्यादा आहे. हाड मजबूत व्हायला त्यावर वजन पडावे लागते आणि पाणी नेमके तेच काढून घेते. दीर्घकाळचा दाह, स्टिरॉइड आणि कमी हालचाल यांमुळे या मुलांची हाडे आधीच विरळ होण्याचा धोका असतो. म्हणून पाण्यातली सत्रे चालू असतानाच जमिनीवर उभे राहणे, पायऱ्या चढणे, झेपेल तेव्हा दोरीवरच्या उड्या यांची जोड द्यावी लागते. चालण्याची ढबही पाण्यात पुरती सुधारत नाही, कारण तिथे पाऊल टेकण्याची घाई नसते. चांगला फिजिओथेरपिस्ट पहिल्याच दिवशी गुडघा किती सरळ होतो ते गोनिओमीटरने अंशांत मोजून लिहितो. शाळेचा जिना मूल एकेक पाय टाकत चढते की दोन्ही पाय एका पायरीवर आणत, याचीही नोंद करतो. सहा-आठ आठवड्यांनी तीच दोन मापे पुन्हा घेतली जातात. त्यांत फरक पडत नसेल तर पाण्यातला वेळ वाढवण्याऐवजी औषध पुरेसे आहे का, हे संधिवाततज्ज्ञाकडून तपासून घेतात.